सशाचे कान तुमचे होते, कुमुदताई

कुमुदताई, क्रिमेटोरियममध्ये आपल्याला वीस मिनिटं मिळाली होती. त्यातली चार-पाच मिनिटं तिथल्या माणसाला ऑर्गन नको हे समजावण्यात गेली. "मग काय लावू?" असं त्याने अगदी मायेने विचारलं. शेवटी बोल्टनहून आलेले डॉक्टर मेश्राम पुढे झाले आणि त्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या मिसेसनी साथ दिली. बाकी आम्ही नुसते उभे. चार वर्षं मी तुमच्या हातचं जेवले, माझी मुलगी तुमच्या घरी लहानाची मोठी झाली, आणि तुमच्या शेवटच्या वंदनेतली एक ओळ मला म्हणता येत नव्हती.

मोजून सात माणसं होतो. सातवी बाई सगळ्यात मागे बसली होती, ब्राऊन कोटात, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी तिला ओळखलं. यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, तेही तुमच्या शेजारी बसून. ती इथे कशी, हे मात्र मला कळेना.

तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण सुरुवातीपासून सांगते, कारण आपलं शेवटचं बोलणं भांडणावर तुटलं आणि मला माझी बाजू एकदा पूर्ण मांडायची आहे. तुम्ही मध्येच तोडणार नाही, असं पहिल्यांदाच होईल.

आपण भेटलो इथल्या सेल गावच्या लायब्ररीत. सई तीन वर्षांची होती आणि शेल्फवरची पुस्तकं खाली ओढत होती. मी दबक्या आवाजात तिला झापत होते, "खाली ठेव, नाहीतर फटका देईन!" पलीकडच्या खुर्चीवरून एक बाई मराठीत म्हणाली, "फटका दिलात तर इथे पोलीस येतील हो." मी दचकून पाहिलं. पांढरे होत आलेले आखूड केस, बोटांना पेन्सिलीचा काळा रंग.

"कुठल्या?" तुम्ही विचारलंत.

"पुण्याची."

"तरीच. मी नागपूरची."

त्या 'तरीच'चा अर्थ मी चार वर्षं विचारत राहिले आणि तुम्ही हसत राहिलात.

तेव्हा मी किती एकटी होते हे तुम्हाला सांगायची वेळच आली नाही. तुम्हाला ते पहिल्या दिवशीच दिसलं असावं. सचिन सोमवारी पहाटेच्या ट्रेनने एडिंबराला क्लायंटकडे जायचा आणि शुक्रवारी परत यायचा. मी इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करायची. पुण्याला फोन करायचा तर कॉलिंग कार्डचे आकडे दाबता दाबता बोलायचं काय तेच विसरायची. तुम्ही सकाळी फोटो फ्रेम करण्याच्या दुकानात काम करायचात आणि दुपारी मोकळ्या असायचात. सई शाळेत जायला लागली तेव्हा तुम्हीच म्हणालात, "मी आणत जाईन तिला. पैशाबिशाचं बोललीस तर येणार नाही."

आणि मग ते कार्टूनचं सुरू झालं. एक दिवस मी ऑफिसमधून लवकर आले, तर तुम्ही दोघी सोफ्यावर टीव्हीसमोर, आणि टीव्हीचा आवाज बंद.

"सांग आता," तुम्ही विचारत होतात, "यात वाईट कोण?"

"तो मांजर," सई म्हणाली.

"ते मांजर. आणि वाईट कशावरून? अजून काही केलंय का त्याने?"

सईने विचार केला. "त्याचा भुवई असा आहे." तिने बोटाने तिरकी रेघ काढून दाखवली.

"त्याची भुवई. मग ती भुवई कुणी काढली?"

"समबडी."

"हां. कुणीतरी काढली. एवढं लक्षात ठेव, मग आवाज लाव."

मला गंमतही वाटली आणि रागही आला. सई झोपल्यावर मी तुम्हाला फोन केला, "ताई, ती पाच वर्षांची आहे. बघू दे की बिचारीला सुखाने."

"बघू दे ना. मी कुठे बंद केलं? कुणीतरी काढलंय एवढं कळलं तरी पुष्कळ."

दुसरा प्रसंग मला जास्त आठवतो. सई तुमच्या स्वयंपाकघरात बडबडत होती, "आजी, बाबा म्हणतो त्याचा बॉस डंब आहे, आणि बाबा म्हणतो..." तुम्ही एकदम वळलात आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवलात. जोरात नव्हे, पण इतक्या पटकन की ती घाबरून रडायला लागली. तुमचाही चेहरा पांढराफटक. "घरातलं बाहेर सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात, "कुणालाच नाही. मलासुद्धा नाही." मग तुम्ही तिला शिरा करून दिलात, दोनदा सॉरी म्हणालात. मी मनात म्हटलं, जुन्या वळणाची माणसं, चारचौघांत काय बोलावं याचे संस्कार. मी किती आरामात चुकत होते.

तुम्ही तरुणपणी जिथे गेलात तो देश आपल्या बोलण्यात नेहमी 'तिकडे' म्हणूनच यायचा. त्या नावाचा देश आता नकाशावर नाही, मग नाव कशाला घ्यायचं, असं तुमचं म्हणणं. मुंबईत चित्रकलेचा डिप्लोमा, मग तिकडच्या सरकारची स्कॉलरशिप, मग तिथल्या सरकारी स्टुडिओत मुलांच्या चित्रपटांवर काम. मुख्य चित्रकार प्राण्याची पहिली आणि शेवटची पोझ काढायचे; त्या दोन पोझच्या मधली सगळी चित्रं तुमच्यासारख्या मुलींनी काढायची, म्हणजे पडद्यावर तो प्राणी चालल्यासारखा दिसतो. पाच वर्षं तुम्ही तेच केलंत. मी विचारायची, "कोणते चित्रपट?" तुम्ही म्हणायचात, "ससे, अस्वलं. तुला काय करायचंय?"

पण एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगितली होतीत. तिकडच्या पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये शेजारच्या बाईने तुमच्या ताटातला ब्रेड उचलला, अर्धा तोडून खाल्ला आणि उरलेला परत तुमच्या ताटात ठेवला. काही न विचारता, बोलता बोलता. "मी बाथरूममध्ये जाऊन रडले," तुम्ही म्हणालात.

आणि मी काय म्हणाले? "ई, किती अनहायजिनिक!"

तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. मग म्हणालात, "आमच्या शाळेत मास्तर पाणी वरून ओतायचे, मंजिरी. माझे वडील त्याच शाळेत शिक्षक होते, तरी. तिकडे पाच वर्षांत मला एकानेही आडनावाचा अर्थ विचारला नाही." मी ओशाळले आणि विषय बदलला. मी तेव्हा थोडं थांबले असते, तर पुढचं भांडण झालंच नसतं कदाचित. झालं असतं, पण मला निदान कळलं असतं की आपण कशाबद्दल भांडतोय.

फेब्रुवारीत लायब्ररीच्या बोर्डवर तुम्हाला तो कागद दिसला. विद्यापीठातला एक तरुण लेक्चरर हुकूमशाही देशांनी मुलांसाठी काढलेली कार्टून्स दाखवणार होता, सगळ्यांना प्रवेश. तुम्ही मला फक्त एवढंच म्हणालात, "शनिवारी दुपारी येशील का माझ्याबरोबर? एकटीने जाववत नाही." तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट.

छोटा हॉल, वीस-पंचवीस माणसं. तिसरा चित्रपट तिकडचा होता, आठ-नऊ मिनिटांचा. जंगलातलं सशाचं पिल्लू. त्याचा एक बिज्जू काका, म्हणजे बॅजर, गोल चष्म्याचा, मऊ पोटाचा. तो पिल्लाला गाजराचा केक करून देतो, पाठीवर बसवतो. पण काका आपल्या बिळात एका शिंपल्याला कान लावून दूरच्या जंगलाचं बोलणं ऐकतो. पिल्लाला ते कळतं. पिल्लू कान टवकारतं. आधी उजवा कान सरळ, मग डावा कान हळूच मागे वळतो, अगदी स्वतंत्रपणे, जणू त्याला वेगळा जीव आहे. हॉलमध्ये सगळे हसले. मीही हसले, इतकं ते गोड होतं. मग पिल्लू जाऊन जंगलाच्या राखणदाराला सांगतं. काकाला घेऊन जातात. पिल्लाच्या गळ्यात निळा रुमाल बांधतात, सगळे प्राणी गाणं म्हणतात, आणि काकाच्या बिळात एक नवीन कुटुंब राहायला येतं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हात मांडीखाली दाबून बसला होतात.

दिवे लागल्यावर लेक्चररने सांगितलं की या चित्रपटात कलाकारांची नावं नाहीत, फक्त स्टुडिओचं नाव, त्यामुळे कुणी काढलं हे आता कळणं अवघड आहे. मग त्याने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. पलीकडच्या रांगेतली एक बाई उठली. माझ्याच वयाची, ब्राऊन कोट. नाव इरेना. युरोपियन युनियनचं दार उघडल्यावर ती तिकडून इकडे आली होती. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण तिने घाई केली नाही.

"मी आठ वर्षांची होते," ती म्हणाली. "हे आम्हाला शाळेत दाखवलं. नंतर बाईंनी विचारलं, एवढे चांगले कान तुमच्यापैकी कुणाचे? आम्ही सगळ्यांनी डोक्याला हात लावून कान केले. डावा कान मागे वळवायचा, तसा. तो सगळ्यात भारी वाटायचा. मी ओरडले, माझे, माझे. माझे बाबा स्वयंपाकघरात बाहेरचा रेडिओ ऐकतात. वर्गाने टाळ्या वाजवल्या."

मग ती पुढे सांगू लागली.

"दोन वर्षांनी बाबा परत आले. पुढे खूप वर्षं जगले. मला कधी रागावले नाहीत. पण मी खोलीत आले की ते बोलायचे थांबायचे. मरेपर्यंत." ती खाली बसली.

आणि ताई, तुम्ही उठलात. तुमचं नाव कुठेच नव्हतं. तुम्ही गप्प बसला असतात तर जगात कुणाला कळलं नसतं, मलाही नाही. तुम्ही इंग्रजीत म्हणालात, "ते कान माझे आहेत. मी काढले." मग तिच्याकडे वळून तिकडच्या भाषेत एक वाक्य बोललात. इरेनाने तुमच्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि ती निघून गेली.

ट्राममध्ये मी तुमचा हात धरला होता. मला वाटत होतं, हिला सावरायचं आहे.

"ताई, तुम्ही पंचवीस वर्षांच्या होतात. वरून ऑर्डर यायची. तुम्ही नुसती मधली चित्रं काढलीत."

"कानांची ऑर्डर नव्हती," तुम्ही म्हणालात. "कागदावर फक्त 'पिल्लू ऐकतं' एवढंच होतं. आमच्याकडे नागपुरात शेळी होती. आई लांबून येताना दिसायच्या आधीच तिचा डावा कान मागे वळायचा. मी तो काढला. सगळा स्टुडिओ जमा झाला बघायला. टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्याआधी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या."

"पण चित्रपट कशासाठी आहे, हे तुम्हाला कुठे माहीत होतं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत सांगितलंत की काका आधी दुष्ट दिसायचा. वाकडे दात, तिरक्या भुवया. सरकारी समितीच्या माणसाने ती चित्रं परत पाठवली. तो म्हणाला, काका प्रेमळच दाखवा. दुष्ट माणसाबद्दल कुणीही येऊन सांगेल, आपल्याला प्रेमळ माणसाबद्दल सांगायला शिकवायचंय. "हे मी त्या खोलीत उभी राहून ऐकलं, मंजिरी. मला कळलं. म्हणजे अर्धं कळलं आणि अर्धं मी कळून घेतलं नाही. मला तिथे राहायचं होतं. तिथे मी माणूस होते."

"मग यात तुमचा काय दोष? परिस्थितीच..."

"माझा आहे. तू तो काढून घेऊ नकोस."

"मी मदत करतेय ताई!"

"तू तुझी सोय करतेयस. मी निर्दोष असले की तुला उद्या सईला माझ्याकडे पाठवता येईल."

मला ते लागलं, कारण त्यात खरं होतं. आणि मी म्हणाले, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं, "म्हणजे तुम्हाला दोषी व्हायला आवडतंय! एकटं राहून राहून माणसाला काहीतरी लागतंच धरून ठेवायला."

डेन रोड आलं. आपला स्टॉप पुढचा. तुम्ही उठून उतरलात आणि मागे न बघता प्लॅटफॉर्मवरून चालायला लागलात. मी बसून राहिले. दार बंद व्हायला किती वेळ होता, ताई. मी सहज उतरू शकले असते.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. "काही दिवस सईला पाठवू नकोस. मला थोडं काम आहे." मी "ओके" म्हटलं. मराठीत 'बरं' म्हटलं असतं तर आवाज जरा मऊ आला असता. सईला शाळेच्याच आफ्टर-स्कूल क्लबमध्ये घातलं. सचिनला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरंच झालं क्लब मिळाला ते." मी त्याला काही बोलले नाही. हे इथे लिहिते, कारण हे मी तुमच्यासमोर कधीच कबूल केलं नसतं. त्या न बोलण्यात थोडी सुटका होती.

सई विचारायची, "आजी का येत नाही? माझी चित्रं बघायला?" मी म्हणायची, आजी बिझी आहे. एका आठवड्याचे दोन झाले. फोन उचलायचा आणि ठेवायचा. आज खूप काम आहे, उद्या करू. माणसं रागाने दुरावतात असं आपण म्हणतो. मी तर तिसऱ्या आठवड्यानंतर रागावलेली नव्हतेच. मला सवय झाली होती, एवढंच. त्या दिवसांत तुम्ही तुमच्या घरात अंधार करून बसला असाल, असं मी धरून चालले होते, आणि असं धरून चालूनही मी दोन रस्ते ओलांडले नाहीत.

नऊ आठवडे झाले. शुक्रवारी सकाळी ऑफिसात तुमच्या शेजारच्या मिसेस डॉईलचा फोन आला. दूध दाराबाहेर तसंच होतं म्हणून त्यांनी त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. तुम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होतात, कोट घातलेला, एक बूट पायात, एक हातात. हृदय, म्हणाले. पटकन गेलं असणार, म्हणाले. माझा नंबर तुमच्या फ्रिजवर होता, 'मंजिरी – ऑफिस', 'मंजिरी – घर', आणि खाली मुलांच्या अक्षरासारखं ठळक 'सई – शाळा'.

तुमचं घर आवरायला मी आणि मिसेस मेश्राम गेलो. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो त्या घेऊन गेल्या, विहारात ठेवायला. तुमचं चित्रांचं टेबल स्वच्छ होतं. एक कागद नाही, एक रेघ नाही. मला वाटलं, त्या शनिवारनंतर तुम्ही पेन्सिल टाकून दिलीत, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मी तिथे जमिनीवर बसून रडले. मिसेस मेश्रामनी चहा केला.

क्रिमेटोरियमबाहेर इरेना माझ्यासाठी थांबली होती. "तू त्या दिवशी तिच्याबरोबर होतीस," ती म्हणाली आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "शनिवारी ये. तुला दाखवायचं आहे."

ती बेरीला राहते, ट्रामच्या पार दुसऱ्या टोकाला. डेंटिस्टकडे नर्स आहे. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या, टेबल, आणि भिंतीवर काही नाही. तिने चहा आणला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मी तिला माफ केलेलं नाही. तसं कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

तुम्ही लेक्चररच्या हाती तिला पत्र पाठवलं होतंत. पत्रात माफी नव्हती, ती म्हणाली. एवढंच होतं की, मला चित्रं काढता येतात, तुमच्या वडिलांचा फोटो नसेल तर मी काढून देईन. फोटो नव्हताच. वडिलांना पकडलं तेव्हा नेलेल्या सामानात जुने फोटोही गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नाही. पत्र तीन आठवडे तिच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. मग तिने फोन केला, आणि तुम्ही पुढच्या गुरुवारी चार वाजता तिच्या दारात.

"पहिल्या दिवशी मी तिला आत बोलावलं नाही," इरेना म्हणाली. "पाऊस नव्हता, म्हणून. ती दारात उभी राहून विचारत होती. उंची किती, खांदे कसे, कोणता पाय आधी टाकायचे. मी उत्तरं दिली. दुसऱ्या वेळी चहा दिला."

"काय बोलायचात तुम्ही?"

"फक्त बाबांबद्दल. ती माझ्या आईपेक्षा जास्त विचारायची."

तिने कपाटातून कागदांचा एक गठ्ठा काढला. एका बाजूला मोठी क्लिप लावलेली. शंभराच्या वर कागद असतील. तो गठ्ठा तिने माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याने कडा भराभर सोडत गेली, तशी चित्रं हलायला लागली.

दार उघडतं. एक उंच, किंचित वाकलेला माणूस आत येतो. टोपी काढतो, दाराच्या खिळ्याला अडकवतो, आणि ती पडेल की काय म्हणून पुन्हा एकदा चाचपतो. पलंगाच्या काठावर बसतो. दोन्ही हातांनी केस मागे सारतो. मग समोर बघतो, जिथे आपण आहोत तिथे, आणि बोलायला लागतो.

इरेनाने पुन्हा एकदा कागद सोडले. पुन्हा तो आला, बसला, बोलायला लागला.

"बोलताना त्यांचं तोंड कसं व्हायचं, ते मला आठवेना," ती म्हणाली. "ते माझ्याशी शेवटचं बोलले तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी तिला म्हटलं, हे राहू दे, इथे थांब. ती म्हणाली, नाही. तू बोल. मुली बापासारख्याच बोलतात. मग मी या खुर्चीत बसून एक तास काहीबाही बोलत होते, दवाखान्याबद्दल, भाजीबद्दल, आणि ती माझं तोंड बघून काढत होती."

शेवटच्या कागदावर त्याचं तोंड अर्धवट उघडं आहे. एखाद्या शब्दाच्या मध्यावर. त्यापुढे काही नाही.

"ते काय बोलतायत, असं ती मला दर वेळी विचारायची, त्याप्रमाणे पुढचे ओठ काढायचे होते. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगते. मी ठरवलं होतं." इरेनाने क्लिप नीट बसवली. "चार वाजले, पाच वाजले, ती आली नाही. मला फार राग आला. मला वाटलं, हीसुद्धा..." शुक्रवारी तिने तुमच्या घरी फोन केला, तो मिसेस डॉईलनी उचलला.

मी तिला विचारलं, त्या दिवशी हॉलमध्ये ताई तुझ्या भाषेत काय म्हणाल्या?

"म्हणाली, तू लहान होतीस, मी नव्हते."

निघताना तिने विचारलं, हे कागद तुला हवेत का. मी नाही म्हटलं. ते तिचे आहेत. ते पुरे करायला कुणी मिळेल का, हेही तिने विचारलं. मी नाही म्हटलं, कुणी नाही.

ताई, तुमचं खरं होतं. दोष तुमचा होता आणि तुम्ही तो माझ्या हाती दिला नाहीत हे बरं केलंत. मी त्याचं काहीही केलं नसतं, कुठेतरी ठेवून विसरून गेले असते. तुम्ही तो घेऊन बेरीला गेलात. मात्र भांडणातली माझी एक बाजू अजून उरली आहे. मला सांगायचं होतंत. एवढंच, की मी गुरुवारी बेरीला जाते. मी बरोबर आले नसते कदाचित. पण तुम्ही अंधारात बसलेल्या नाही, हे मला कळलं असतं. की मी फोन करेन आणि मग सांगू, म्हणून वाट बघत होतात?

सेलहून बेरीला जाणारी ट्राम आमच्या घरामागूनच जाते, तुम्हाला माहीतच आहे. गुरुवारी मी घरून काम करते. तीन वाजण्याच्या सुमाराला मी किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली असते, तोंड खिडकीकडे करून. सहा गुरुवार तुम्ही तिथून गेलात. ट्राम आली की काच थरथरते, म्हणून मी मान वर न करता हाताने कप धरून ठेवते.